रक्तातला विळा

भिवंडीजवळच्या शेलारसारख्या गावात भातकापणी म्हटली की विळा आलाच. याच विळ्याच्या आकारावरून एका रक्तदोषाला नाव पडले आहे : सिकलसेल. सिकल म्हणजे विळा.

निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकून कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

तान्ह्या बाळाचे हातपाय सुजणे, डोळे पिवळे दिसणे, वारंवार ताप, धाप, हाडांत व सांध्यांत असह्य दुखणे ही लक्षणे. पुष्कळ घरी याला वात किंवा करणी समजतात. ही करणी नव्हे. दोष आईबापांकडून येतो.

ठाणे, पालघर, नंदुरबार व गडचिरोलीच्या आदिवासींत हा आजार आढळतो, तसाच विदर्भातील इतर समाजांतही.

रोग्याने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत. फॉलिक ॲसिड रोज घ्यावे. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रक्त कमी म्हणून तपासणीवाचून लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा एक बाजू लुळी पडणे दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे.

आता मुख्य गोष्ट. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस 'वाहक' होतो. तो सहसा धडधाकट असतो, शेतीची सारी कामे करतो. पण वाहकाचे वाहकाशी लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणी मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब नाही. एकच जण वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर मुलांना हा आजार होत नाही. म्हणून वाहक मुलीला नाकारू नका. दोघांचेही रक्त तपासा.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. बोटाच्या थेंबाची पहिली चाचणी होते. दोष दिसल्यास पक्की तपासणी पुढे करतात. सोयरीक ठरते, सुपारी फुटते, त्याआधी एवढे कराच.