विमोचना : सरकारी नोंदीशेजारची दुसरी नोंद

१९९७ साली बंगळुरू शहरात स्त्रियांचे १,१३३ मृत्यू ‘अनैसर्गिक’ म्हणून नोंदले गेले. दिवसाला सरासरी तीन. पोलिसांच्या वर्गवारीनुसार त्यांतले १५७ खून, ५४६ आत्महत्या आणि ४३० अपघात. बेरीज चोख जुळते. शंका घ्यायला जागा होती ती वर्गवारीत, आणि ती शंका विमोचना या स्त्री-संघटनेने घेतली. त्या वर्षीच्या जानेवारी ते सप्टेंबरमधली ५५० प्रकरणं कार्यकर्त्यांनी तपासली, तेव्हा त्यांतली ७१ टक्के ‘स्वयंपाकघरातला अपघात’ किंवा ‘स्टोचा भडका’ असा शेरा मारून बंद झालेली आढळली. स्वयंसेवी स्त्री-संघटना म्हटलं की आपल्याला मोर्चे, घोषणा आणि समुपदेशन आठवतं. ही सगळी कामं विमोचनाने केली आहेत. पण तिचं सर्वांत टिकाऊ काम या ५५० प्रकरणांच्या वाचनात आहे, असं माझं मत आहे. सरकारी नोंदीशेजारी स्वतंत्र नोंद उभी राहिल्याशिवाय सरकारी नोंद खरी की खोटी हे ठरवायला मापच नसतं. असं माप तयार करण्याचं काम बाहेरच्या माणसांनाच करावं लागतं.

संघटनेचा जन्म १९७९ चा. १९७५ पासून बंगळुरूत काम करणाऱ्या ‘सीड्स’ या गटातून ती वाढली. कोरीन कुमार, डोना फर्नांडिस, मधु भूषण ही तिच्याशी जोडलेली ठळक नावं. तो काळच तसा होता. मथुरा बलात्कार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर संताप उसळला आणि १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्या अस्वस्थतेतून नारी समता मंच आकाराला आला. विमोचना याच पिढीची. १९८४ मध्ये ‘स्त्रीलेखा’ हे पुस्तकांचं दुकान, अडचणीतल्या बाईला तातडीने आधार देणारं ‘अंगळा’ केंद्र, जेरुसलेममध्ये १९८८ साली सुरू झालेल्या काळ्या पोशाखातल्या मूक निदर्शनांची बंगळुरूतली शाखा, आणि २००९ मध्ये हुंड्याच्या हिंसेवर याच शहरात भरवलेलं स्त्रियांचं जन-न्यायालय, अशी तिच्या कामाची रुंदी आहे. मात्र व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डात जाऊन तिने जे केलं, त्याची जात वेगळी आहे.

ते समजायला ‘अपघात’ कागदावर कसा तयार होतो हे पाहिलं पाहिजे. भाजलेल्या बाईला रुग्णालयात आणणारे बहुधा सासरचेच असतात. कसं भाजलं, हे दाखल करताना तेच सांगतात आणि केसपेपरवर ‘स्टोचा भडका’ उतरतो. पोलीस येतात तेव्हा त्यांच्या हाती आधी तो केसपेपर पडतो. बाई शुद्धीवर असते, अनेकदा गंभीर भाजूनही पहिले काही तास बोलू शकते. पण खाटेजवळ नवरा उभा असतो, मुलं त्याच्या घरी असतात, औषधाचा खर्च तोच करत असतो. ती ‘अपघात’ म्हणाली तर नवल नाही. मग चौकशी होते (२०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली), कर्नाटकात जिला यूडीआर म्हणतात आणि आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदाराने चौकशी करावी, अशी तजवीज कायद्यात आहे. पण तहसीलदार येतो तोवर कागदांची चळत तयार झालेली असते. या साखळीत प्रत्येकजण आधीच्याचा कागद प्रमाण मानतो. मुद्दाम खोटं बोलणारा एखादाच पुरतो. बाकीच्यांनी नुसती नक्कल केली तरी भागतं. विमोचनाच्या कार्यकर्त्यांनी ही साखळी दोन टोकांनी पकडली. वॉर्डात बायकांशी आणि माहेरच्यांशी बोलायचं, आणि दुसरीकडे पोलिसांकडच्या नोंदी वाचायच्या. दोन्हींतली तफावत हाच त्यांचा पुरावा.

यावर पहिला आक्षेप असा, की स्टो खरंच भडकत होते. जमिनीवर ठेवलेला पंपाचा स्टो, नायलॉनची साडी, अंधारी खोली, अपघात व्हायचेच. हे खरं आहे, आणि ५५० पैकी ७१ टक्के खून होते असं त्या आकड्यातून निघतही नाही. पण मग अपघात म्हणून तरी चौकशी व्हायला हवी. एका शहरात नऊ महिन्यांत जवळपास चारशे बायका एकाच घरगुती वस्तूने आणि एकाच जागी मरत असतील, तर स्टो जप्त करून तपासले पाहिजेत, बनावट शोधली पाहिजे, उत्पादकाला जाब विचारला पाहिजे. अपघात म्हणायचं आणि अपघाताचं कारण शोधायचं नाही, याचा अर्थ तो शेरा फाईल बंद करण्यापुरताच होता. २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापलेल्या अभ्यासाने ही शंका देशाच्या पातळीवर नेली. २००१ या एका वर्षात भारतात आगीने १ लाख ६३ हजारांवर माणसं मेली असावीत, असा त्याचा अंदाज. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यांत सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. या वयात एका पुरुषामागे तीन स्त्रिया. स्वयंपाक बायका करतात म्हणून त्या जास्त भाजतात, हे उत्तर अर्धंच पुरतं. चूल पस्तिशीनंतर सुटत नाही. शिवाय आत्महत्या म्हटली तरी प्रश्न मिटत नाही. छळाने आत्महत्येला लावणं हाही गुन्हाच आहे.

दुसरा आक्षेप वकिलांचा. मृत्युपूर्व जबानी हा जड पुरावा आहे. विश्वासार्ह असेल तर केवळ तिच्यावर शिक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच खुशाल राव प्रकरणात सांगितलं. मग खाटेजवळ कार्यकर्ती बसली तर जबानी पढवलेली ठरणार नाही का? धोका खरा आहे, म्हणूनच जबानी लिहून घेणं हे कार्यकर्तीचं काम नव्हे. दंडाधिकाऱ्याला वेळेत बोलावलं जावं, जबानीच्या वेळी सासर आणि माहेर दोन्ही खोलीबाहेर असावं, आणि बाईने शब्द बदलले तर दोन्ही वेळचे शब्द कागदावर राहावेत, एवढं तिने पाहायचं. आक्षेप घेणारे हे विसरतात की कार्यकर्ती नसते तेव्हा खाट रिकामी नसते. तिथे कोणीतरी आधीच बसलेलं असतं.

तिसरा आक्षेप आजचा आहे, आणि बंगळुरूतच तो सर्वांत तीव्रपणे ऐकू येतो. विवाहितेच्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये आलेल्या, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ४९८-अ कलमाचा गैरवापर होतो, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे. सरसकट अटकेला २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने लगाम घातला. डिसेंबर २०२४ मध्ये शहरातल्या एका तरुण अभियंत्याच्या आत्महत्येनंतर हा वाद घराघरांत गेला. अशा वेळी जुन्या बर्न्स वॉर्डाचे आकडे काढणं एकांगी वाटू शकतं. पण दोन्ही तक्रारी नीट ऐकल्या तर त्यांची मागणी एकच निघते. तपासाआधी निष्कर्ष काढू नका. खोट्या तक्रारीने कुटुंब भरडलं जातं तेव्हाही तपास झालेला नसतो, आणि ‘स्टोचा भडका’ लिहून बाईची फाईल बंद होते तेव्हाही. नोंद काटेकोर असेल तर ती निर्दोष नवऱ्याच्याही उपयोगी पडते.

चौथा आक्षेप सरकारी व्यवस्थेचा दाखला देतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, १८१ हेल्पलाइन आहे, सखी केंद्रं आहेत; बंगळुरूच्या पोलीस आयुक्तालयात १९९९ पासून वनिता सहायवाणी आहे. मग स्वयंसेवकांची गरज काय? पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या ४४.४ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, देशात सर्वाधिक. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होतं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली. खिडकी उघडली म्हणून रांग लागत नाही. मुंबईत पोलीस आयुक्तालयातला टाटा समाजविज्ञान संस्थेचा विशेष कक्ष १९८४ चा, आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं ‘दिलासा’ केंद्र २००० चं. दोन्ही ठिकाणी सरकारी इमारतीत बाहेरची माणसं अगोदर आली, यंत्रणा नंतर शिकली. ‘दिलासा’ने तर रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच जखमांमागची हिंसा ओळखायला शिकवलं आणि ते काम पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांत गेलं.

इथेच विमोचनासारख्या कामाची मर्यादाही दिसते. स्वयंसेवकाची वही त्याच्या उमेदीइतकीच टिकते. कार्यकर्त्या थकतात, देणग्या आटतात, आणि नोंदीत खंड पडला की तुलनाच संपते. रॉकेलचे स्टो आज शहरी स्वयंपाकघरांतून जवळपास गेले, तरी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात हुंडाबळींची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास आहे. म्हणून विमोचनाच्या कामातून निघणारी मागणी आता व्यवस्थेच्या अंगी लावली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याने स्त्रियांचे अनैसर्गिक मृत्यू वय, लग्नाची वर्षं, मृत्यूचं कारण आणि फाईल कोणत्या शेऱ्याने बंद झाली यांसह दरवर्षी जाहीर करावेत, आणि त्यांतल्या काही फायली पोलिसांबाहेरच्या समितीने पुन्हा वाचाव्यात. याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. मूठभर कार्यकर्त्या ५५० प्रकरणं वाचू शकल्या, तर राज्य सरकारला ते जमत नाही असं म्हणायला आधार उरत नाही.