जिवंत कुंपण

इंदुरी हे मावळातले गाव. तळेगाव दाभाड्याहून चाकणला निघाले की ते वाटेत लागते. गावाजवळून इंद्रायणी वाहते. गावात जुना भुईकोट किल्ला आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी तो सुमारे ३०० वर्षांपूर्वी बांधला. आत कडजाई देवीचे देऊळ आहे. किल्ल्याचा दरवाजा पाहिला की एक गोष्ट मनात येते. आपले जे आहे ते राखायचे, तर भोवती काहीतरी भक्कम हवे.

दाभाड्यांना दगडाचा तट परवडला. आपल्याला कसा परवडणार? आपल्या घरामागे परस असते. त्यात चार वांगी, दोन मिरच्या, एखादा शेवगा, मांडवावर दोडक्याचा वेल. एवढीच आपली दौलत. पण एक दिवस कुणाची तरी शेळी आत शिरते. ती घटकाभरच असते. पण दोन महिन्यांची मेहनत तिच्या पोटात जाते. मग घरची बाई शेळीवाल्याच्या दारात जाऊन भांडते. वांगी गेली ती गेलीच, वर शेजार तुटला.

म्हणून आपण कुंपण घालतो.

पुष्कळ जण बाभळीचे नाही तर बोरीचे काटे आणून रचतात. हे कुंपण एका दिवसात उभे राहते, ही गोष्ट खरी. पण ते टिकते किती? पावसात कुजते. खालून वाळवी लागते. चुलीला जळण कमी पडले की कुणी त्यातलीच चार शिरी ओढून नेतो. वर्ष सरले की पुन्हा झाडे तोडा, पुन्हा डोक्यावरून ओझी आणा, पुन्हा पायात काटे मोडून घ्या.

कुणी तारेचे कुंपण घालतात. ते चांगले, पण त्याला तार लागते, खांब लागतात, मजुरी लागते. हातात पैसा असेल त्याने ते जरूर घालावे. नसेल त्याने काय करावे?

त्याने कुंपण लावावे. होय, लावावे. जसे झाड लावतो तसे. यालाच म्हणतात जिवंत कुंपण.

काठीला पालवी

अमेरिका खंडात, मेक्सिको आणि संयुक्त संस्थाने या दोन देशांच्या सीमेवर मोठे वाळवंट आहे. त्याचे नाव सोनोरा. तिथे एक झाड होते. त्याला ओकोतियो म्हणतात. ते दिसते कसे? जमिनीतून दहा-वीस लांब काठ्या वर आल्यासारखे. काठ्या दोन-तीन पुरुष उंच, आणि त्यांना अंगभर काटे. उन्हाळ्यात अंगावर एक पान नसते. नवखा माणूस म्हणेल, हे झाड मेले.

पण ते मेलेले नसते. एक चांगला पाऊस पडू द्या. दोन-चार दिवसांत प्रत्येक काठीला बारीक हिरवी पाने फुटतात. ओल आटली की ते पाने टाकून देते. पुन्हा पाऊस आला की पुन्हा पाने. असे वर्षातून किती वेळा तरी होते. कारण पानातून पाणी उडून जाते. पाणी नाही तेव्हा पान ठेवणे त्याला परवडत नाही. आपणही तंगीच्या दिवसांत खर्च आवरतो, तसेच हे.

तिथले लोक या झाडाच्या काठ्या तोडतात आणि घराभोवती ओळीने जमिनीत रोवतात. काही काठ्यांना मुळ्या फुटतात. मग त्या कुंपणालाच पालवी येते, शेंड्याला लाल फुले येतात. काठीचे कुंपण जिवंत होते.

हे झाड आपण आणावे का? मावळात तरी नको. ते कोरड्या मुलखाचे झाड. मुळाशी पाणी साचले की ते कुजते. आपल्याकडे पावसाळ्यात भात उभे राहते, तिथे त्याचा निभाव लागायचा नाही. पण त्या लोकांची युक्ती मात्र आपल्या कामाची आहे. तोडलेली फांदी रोवायची आणि तिचे कुंपण करायचे. अशी झाडे आपल्याकडेही आहेत, आणि ती विकत घ्यावी लागत नाहीत.

आपला शेर

पहिले झाड शेर. तो आपल्या ओळखीचा आहे. पेन्सिलीएवढ्या जाड, गोल, हिरव्या कांड्या. पाने जवळजवळ नाहीतच. आली तरी बारीक येतात आणि लगेच गळतात. मग झाड जगते कशावर? त्याच्या कांड्याच हिरव्या असतात. पानाचे काम कांडीच करते. म्हणून त्याला पाणी फार थोडे पुरते. मोडले की पांढरा चीक येतो. त्या चिकामुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत.

शेर मुरमाड जमिनीवर येतो, माळावर येतो, उताराच्या बांधावर येतो. लोणावळ्याकडे पाऊस फार, इंदुरीकडे येईपर्यंत तो बराच कमी होतो. तरी जागा पाहूनच शेर लावा. भातखाचराच्या कडेला, पाणी तुंबते तिथे तो कुजेल. तिथे लावायचाच असेल तर आधी हातभर उंच वरंबा घाला.

आता लावायचा कसा ते पाहू.

उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या शेराच्या जाड फांद्या निवडा. त्यांचे हातभर लांबीचे तुकडे करा. कापल्याबरोबर चीक गळू लागेल. ते टोक पाण्यात बुडवले की चीक थांबतो. मग तुकडे आठवडाभर सावलीत पडू द्या. घाई करू नका. कापलेल्या जागी खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत गेली तर तुकडा कुजतो.

पहिला पाऊस पडून गेला, जमीन मऊ झाली, की रेघ धरून वीतभर खोल चर काढा. एकेका फुटावर एक तुकडा उभा करा. तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. माती पायाने घट्ट दाबा. मग फूटभर मागे दुसरी ओळ लावा. पहिल्या ओळीत जिथे फट राहिली, तिथे दुसऱ्या ओळीतला तुकडा आला पाहिजे.

लावून महिना झाला, तरी काही हालचाल दिसत नाही. मग माणूस कंटाळतो आणि उपटून पाहतो. उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवे दिसले तर तुकडा जिवंत आहे. तपकिरी आणि सुके दिसले तर तो मेला. त्याच्या जागी दुसरा लावा.

दोन-तीन वर्षांत कुंपण भरून येते. तोवर पुढच्या बाजूने काटे रचून त्याला जपा. लेकराला चालायला येईपर्यंत बोट धरावे लागते, तसेच हे.

चिकाला भ्या

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. हे पान घरात मोठ्याने वाचा. पोराबाळांना ऐकू द्या.

शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची आग होते, डोळा सुजतो, दिसेनासे होते. वेळीच इलाज केला नाही तर नजर कायमची अधू होऊ शकते. आम्ही एका गावी असा मुलगा पाहिला. खेळता खेळता त्याने शेराची काठी करून लढाई केली. चीक उडाला. घरच्यांनी डोळ्यात कसला तरी पाला पिळला आणि दोन दिवस वाट पाहिली. मग दवाखाना गाठला. एवढा उशीर व्हायला नको होता.

चीक डोळ्यात गेला तर हे करा. डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार धरून पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा. गावठी औषध काही घालू नका. मग थेट डॉक्टरकडे जा. दुखायचे थांबले तरी जा.

शेर छाटताना अंगभर कपडे घाला. हाताला मोजे घाला, नाहीतर जाड फडके गुंडाळा. डोळ्यांवर चष्मा लावा. वाऱ्याकडे पाठ करून काम करा. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. छाटलेल्या फांद्या ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका. या चिकाने मासे मरतात, तेव्हा तो आपल्या पाण्यात कशाला?

घरात लहान मुले फार असतील तर परसाला शेर नकोच. माळावरच्या बांधाला तो लावा. घराजवळ दुसरे काही लावा.

दुसरी झाडे

निरगुडी नदीकाठी आपोआप येते. तिची फांदी रोवली की फुटते. तिला वास असतो, म्हणून गुरे खात नाहीत. चीक नाही, काटा नाही. इंद्रायणीच्या काठच्या ओलसर जमिनीला ती चांगली.

गिरिपुष्प पुष्कळांना उंदीरमारी या नावाने माहीत आहे. त्याचे पुरुषभर उंचीचे दांडे रोवतात. शेळ्या त्याचा कोवळा पाला खातात, म्हणून दांडा उंच हवा. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी भातखाचरात गाडला की चांगले खत होते. म्हणजे कुंपणाचे कुंपण आणि खताचे खत.

घायपात माळावर येते. तिच्या पानांच्या टोकाला सुईसारखा काटा असतो. बुडाशी पिल्ले येतात, तीच काढून लावायची. पानांचा वाख काढून दोर वळतात. पण वाटेच्या कडेला ती नको. मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर तो काटा येतो.

मोगली एरंडही फांदीने लागतो. पण त्याच्या बिया विषारी असतात. गोड लागतात म्हणून मुले खातात आणि मग उलट्या-जुलाब होतात. शाळेच्या वाटेवर तो लावू नये.

कुंपण शेत खाते तेव्हा

आपल्यात म्हण आहे, कुंपणच शेत खाते. राखणारानेच लुटले की आपण असे म्हणतो. पण ही म्हण एकदा अक्षरशः खरी झाली. ती हकीकत ऐका.

फड्या निवडुंग आपल्याला आपलाच वाटतो. पण तो मूळचा इथला नाही. तो अमेरिका खंडातून आला. लोकांनी तो कुंपणाला लावला. काटे भरपूर, पाण्याची गरज नाही, गुरे जवळ येत नाहीत. आणखी काय पाहिजे? पण त्याची लाल बोंडे पाखरे खाऊ लागली आणि बिया दूरदूर टाकू लागली. फडा तुटून पडला की तिथेच त्याला मुळ्या फुटत. होता होता निवडुंग बांधावरून शेतात उतरला, शेतातून गायरानात गेला. दक्षिणेत मैलच्या मैल जमीन त्याने गिळली. तोडून तो संपेना. जाळून संपेना.

मग १९२६ साली श्रीलंकेतून एक बारीक कीटक दक्षिण भारतात आणून निवडुंगावर सोडला. तो निवडुंगाचाच रस पितो. पाच-सहा वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने वाळली. आजही निवडुंगाच्या फड्यावर कधी पांढरा कापूस लागल्यासारखा दिसतो. तो काडीने चिरडून पाहा. आतून लालभडक रंग निघतो. तोच हा कीटक, नाहीतर त्याच्या जातीचा.

यातून काय घ्यायचे? जिवंत कुंपण जिवंत असते, म्हणून ते वाढते. त्याला वर्षातून एकदा कात्री दाखवलीच पाहिजे. पावसाळा सरला की छाटणी करा. शेर कमरेच्या वर गेला की शेंडे मारा. शेंडे मारले की बाजूने फूट येते आणि खालची फट भरते. न छाटलेला शेर दोन पुरुष उंच होतो, वर सावली धरतो आणि खाली शेळी जाईल एवढी वाट सोडतो. मग ते कुंपण कसले?

बांध दोघांचा

शेवटी एक सांगायचे आहे. कुंपण लावण्याआधी शेजाऱ्याला हाक मारा.

आज तळेगाव-चाकण रस्त्याला जमिनीची किंमत कुठल्या कुठे गेली आहे. पूर्वी वीतभर बांध कोरला तर बोलाचाली होई. आज कोर्टकचेरी होते. सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तेव्हा हद्दीचा संशय असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करून घ्या. मग दोघांनी मिळून दोरी धरा. कुंपण आपल्या हद्दीच्या आत हातभर घ्या. मुळ्या आणि फांद्या पसरायला जागा लागतेच. ती आपली जावी, शेजाऱ्याची नको.

जमले तर याहून चांगले करा. एक ओळ तुम्ही लावा, एक ओळ त्याने लावावी. छाटणीही दोघांनी एकाच दिवशी करावी. असे कुंपण नांगराला हटत नाही आणि रात्रीतून सरकत नाही. बांध कोरायचा मोहच राहत नाही.

काट्यांचे कुंपण दरवर्षी घालावे लागते. जिवंत कुंपण एकदा लावले की पुढे फक्त राखावे लागते. येत्या पावसाळ्यात निदान दहा हात लावून पाहा. साल खरवडून आत हिरवे दिसले की समजा, परसाला राखणदार मिळाला.