मेंदूत साचलेलं लोह

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना एचएफई जनुक सापडलं आणि हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराचं मूळ हाती आलं. यात आतडी अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेतात. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून ते यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात साचत जातं. त्यावर मुख्य उपाय म्हणजे ठरावीक काळाने रक्त काढणं. मेंदूचा विचार तेव्हा फारसा झाला नाही. पुढच्याच वर्षी जगभरच्या लोकसमूहांची तपासणी प्रसिद्ध झाली. सी२८२वाय हा एचएफईमधला मुख्य बदल उत्तर युरोपीय वंशात भरपूर, आशियात जवळजवळ नाहीच.

मग मेंदूतलं लोह आणि पार्किन्सनसारखी थरथर यांच्या नात्याकडे सिंगापूरने का पाहावं? २००४ मध्ये इथल्या नॅशनल न्यूरोसायन्स इन्स्टिट्यूटचे लुई टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढच्या १५,००० रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ९,००० चिनी, ३,००० मलय आणि ३,००० भारतीय होते. पार्किन्सनचं प्रमाण सुमारे ०.३ टक्के निघालं. तिन्ही समाजांत जवळपास सारखं आणि पाश्चात्त्य देशांच्या तोडीचं. म्हणजे युरोपातला तो बदल जवळजवळ नसतानाही आजार तेवढाच. आपल्या माणसांच्या थरथरीचा जाब जनुकातल्या त्या एका बदलाला विचारता येत नाही, हे मला तेव्हापासूनचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर वाटतं.

आशियाची स्वतःची कहाणी मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १९८७ मध्ये जपानच्या हिरोआकी मियाजिमा यांनी एका स्त्रीचा आजार नोंदवला. तिला मधुमेह होता, डोळ्यांचा पडदा झिजत होता, पापण्या आपोआप घट्ट मिटत होत्या. तिच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन नव्हतंच. पेशीतून लोह बाहेर पडायला ते लागतं. ते नसलं की लोह यकृतात आणि मेंदूच्या खोल भागांत अडकून राहतं. या विकाराचा रिपोर्ट चकवणारा असतो. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन भरपूर वाढलेलं, पण रक्तातलं लोह कमी, सोबत थोडा अॅनिमियाही. नुसतं हिमोग्लोबिन पाहून कोणी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर दुखण्यात भरच पडायची.

२०२२ हे वर्ष या विषयात मोठं ठरलं. यूके बायोबँकच्या सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांच्या माहितीतून दिसलं, की सी२८२वाय आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या पुरुषांत हालचालींच्या विकारांचा धोका सुमारे १.८ पट आहे. स्त्रियांत तो वाढलेला दिसला नाही. मासिक पाळीत लोह निघून जातं, हे त्याचं एक संभाव्य कारण. असा त्रास असलेल्या बहुतेक पुरुषांना हिमोक्रोमॅटोसिसचं निदानच झालेलं नव्हतं. एमआरआयमध्येही हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागांत लोहाच्या खुणा होत्या.

लोह साचतं, तर काढून टाका, असं कोणालाही वाटेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपातल्या फेअरपार्क-२ चाचणीचा निकाल आला. नुकतंच पार्किन्सनचं निदान झालेले, त्यावरचं नेहमीचं औषध लेव्होडोपा न घेतलेले ३७२ रुग्ण, लोह ओढून घेणारं डेफेरिप्रोन हे औषध, ३६ आठवडे. मेंदूतलं लोह खरोखर घटलं, पण औषध घेणाऱ्यांची लक्षणं इतरांपेक्षा जास्त बिघडली. पार्किन्सनमध्ये कमी पडणारं डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, हे त्यामागचं एक पटण्याजोगं कारण. हा निकाल निराश करणारा होता, पण कितीतरी रुग्णांना चुकीच्या वाटेवरून वाचवणाराही.

हेल्थ स्क्रीनिंगच्या रिपोर्टात फेरिटिनच्या आकड्यापुढे बाण दिसला की इथल्या मराठी घरांतही चिंता सुरू होते. बहुतेक वेळा त्यामागे फॅटी लिव्हर, मधुमेह किंवा शरीरातली सूज असते. लोह खरंच जास्त आहे का, हे कळायला आधी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहावं. मधुमेह, अॅनिमिया आणि थरथर किंवा ताठरपणा एकाच माणसात जमले असतील आणि फेरिटिनही वाढलेलं असेल, तर सेरुलोप्लाझ्मिन तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि तोवर लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरूही करू नयेत, बंदही करू नयेत.