मर्दन करणाऱ्याचा हात आणि त्याची समजूत

रायपूर शहरात मूल जन्मले, की अनेक घरी थोड्याच दिवसांत तेल चोळणारी बाई येऊ लागते. तिला दाई म्हणतात. छत्तीसगढी बोलीत आईलाही दाईच म्हणतात. तान्हे मूल तिच्या हाती किती भरवशाने सोपविले जाते, हे ह्या शब्दावरूनच ध्यानात यावे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, आणि पुढे 1956 पर्यंत नागपूर हीच प्रांताची राजधानी असल्यामुळे, रायपुरात अनेक मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली. त्यांच्याही घरी हीच बाई येते. आजीबाई तिळाचे किंवा खोबरेल तेल पुढे करतात, ती मोहरीचे मागते. थोडी बोलाचाल होते, आणि बहुधा दाईचेच खरे होते.

पाय लांब करून ती मुलाला पायांवर आडवे घेते, आणि तिचे हात भराभर चालू लागतात. ते कोठे जोराने दाबतात, कोठे हलके फिरतात. हा फरक केवळ सवयीचा नव्हे. त्यामागे शरीराविषयीची एक समजूत असते, आणि हात त्या समजुतीच्या मागोमाग जातो. अर्भकाची हाडे ओल्या मातीसारखी असतात असे तिला वाटते, म्हणून ती डोके गोल करण्यासाठी दाबते आणि नाक चिमटीत धरून वर ओढते. नवजात मुलाच्या छातीत दूध साचलेले असते व ते काढून टाकले पाहिजे असे ती मानते, म्हणून ती स्तनाग्रे पिळते. मोहरीचे तेल उष्ण असल्यामुळे ते सर्दी बाहेर काढते असे तिने ऐकलेले असते, म्हणून दुसरे तेल तिला चालत नाही.

ह्यांपैकी पहिल्या समजुतीत सत्याचा अंश आहे. कवटीची हाडे जन्मतः सांधलेली नसतात, आणि प्रसूतीच्या वेळी दबल्यामुळे डोके काही काळ लांबट दिसते. परंतु हा लांबटपणा बहुधा थोड्याच दिवसांत आपोआप जातो. त्याचे श्रेय मात्र हाताला मिळते. छातीच्या सुजेचेही तसेच आहे. आईच्या शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावामुळे मुलगा असो वा मुलगी, पुष्कळ नवजात बालकांची छाती फुगते, आणि क्वचित दुधासारखा थेंबही येतो. न पिळल्यास ही सूज काही आठवड्यांत ओसरते. पिळल्यास मात्र जंतू आत शिरून तेथे गळू होण्याचा धोका असतो, आणि इतक्या लहान जिवाला तो सोसवत नाही.

तेलाच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या त्वचेवर निरनिराळी तेले लावून पाहण्यात आली. सूर्यफुलाच्या तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण लवकर सुधारले. मोहरीच्या तेलाने ते सुधारण्यास विलंब लागला. 2005 साली ढाक्याच्या शिशु रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांना सूर्यफुलाचे तेल नियमितपणे व हलक्या हाताने लावले असता रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी आढळला. त्याच वर्षी मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मर्दन केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे वजन अधिक वेगाने वाढलेले दिसले. आजीबाईंचा आग्रह, निदान ह्या बाबतीत, अगदीच अनाठायी नव्हता.

मग दाईला हे आपल्या अनुभवातून का कळू नये? तिने तर शेकडो मुले हाताळलेली असतात. येथे समजुतीचे दुसरे, आणि अधिक बलवान, कार्य दिसून येते. हात कसा चालवावा एवढेच ती ठरवीत नाही. समोरच्याच्या प्रतिसादाचा अर्थ काय घ्यावा हेही तीच ठरविते. मूल रडले, तर छाती मोकळी होत आहे. त्वचा लाल झाली, तर उष्णता लागू पडली. मूल थकून झोपले, तर अंग हलके झाले. ज्या खुणांनी हाताला थांबवावयाचे, त्याच खुणा हात बरोबर चालल्याचा पुरावा ठरतात. अशा समजुतीला अनुभवाने धक्का बसत नाही; उलट प्रत्येक अनुभव तिला बळकटी देतो.

तथापि, चुकीच्या उपपत्तीतून चांगले आचरण कधीच निघत नाही असे मात्र नाही. दाई वाऱ्याला भिते. म्हणून ती खिडक्या लावून घेते, तेल कोमट करते, आणि मर्दन आटोपताच मुलाला गुंडाळते. वारा अंगात शिरतो ही तिची कल्पना खरी नसली, तरी नवजात मुलाचे शरीर फार लवकर थंड पडते हे पूर्णपणे खरे आहे, आणि तिची भीती त्याचे रक्षण करते. तिचा हात निश्चयाने फिरतो ह्यातही काही तथ्य आहे. अमेरिकेत 1986 साली टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिवसातून तीन वेळा, दर वेळी 15 मिनिटे, असे दहा दिवस मर्दन केले; त्यांचे वजन इतर बालकांपेक्षा 47 टक्क्यांनी अधिक वाढले. पुढील प्रयोगांत असे आढळले, की नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा मध्यम दाब अधिक गुणकारी ठरतो.

प्रौढांचे मर्दन करणाऱ्यांच्या समजुती निराळ्या असतात, पण त्यांची चाल तीच असते. शीर चढली आहे, स्नायूंत गाठी झाल्या आहेत, श्रमाने साचलेले विष चोळून बाहेर काढावयाचे आहे, अशी त्यांची भाषा असते. ह्यांपैकी काही गोष्टी शास्त्रज्ञांनी तपासून पाहिल्या आहेत. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने दाखविले, की तळपायाच्या किंवा मांडीच्या चिवट आवरणात केवळ एक टक्का फरक पाडण्यासही माणसाच्या हातातील बळ पुरे पडत नाही. 2010 साली कॅनडातील संशोधकांना असे दिसले, की व्यायामानंतर मर्दन केल्याने स्नायूंतील लॅक्टिक आम्लाचा निचरा वाढत नाही. उलट दाबामुळे रक्तप्रवाह अडून तो मंदावतो. मर्दनाने बरे वाटते हे खरेच आहे. मात्र त्याचे कारण ‘गाठ’ मानली, की करणारा ती फोडण्यास निघतो. माणूस कळवळला, की गाठ सापडली असे त्याला वाटते, आणि तो आणखी जोर लावतो.

आयुर्वेदाची परंपरा ह्या बाबतीत थोडी सावध आहे. रायपुरात 1955 पासून शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या वैद्याला अष्टांगहृदयातील नियम ठाऊक असतो, की कफाने ग्रस्त, नुकतेच शोधन झालेला, आणि अजीर्ण झालेला, अशांना अभ्यंग करू नये. ह्या नियमामागील उपपत्ती आधुनिक शरीरशास्त्राची नव्हे. पण तिच्यामुळे वैद्य हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारतो. आधी विचारणारा आणि आधी दाबणारा ह्यांत बराच फरक असतो.

समजूत हातापुरतीच राहत नाही, ती समोरच्याच्या मनातही उतरते. 1985 साली ग्रेसली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. रुग्णांना दोन्ही गटांत एकच माहिती दिली होती. मात्र एका गटातील डॉक्टरांना ठाऊक होते, की ह्या रुग्णांना खरे वेदनाशामक मिळण्याचा संभवच नाही. दोन्ही गटांत ज्यांना निव्वळ निष्क्रिय द्रव टोचला, त्यांची तुलना केली असता, जेथे डॉक्टरांना आशा होती तेथे वेदना कमी राहिल्या. डॉक्टरांनी तसे तोंडाने काहीच सांगितले नव्हते. 2019 साली अमेरिकेत अशाच एका प्रयोगात, डॉक्टरची भूमिका करणाऱ्याचा मलमावर विश्वास असेल तर त्याच्या चेहऱ्यावरील भावांतून तो रुग्णापर्यंत पोहोचतो असे दिसले. मलम मात्र दोन्ही वेळी निरुपयोगीच होते.

ही देवघेव उलट बाजूनेही होते, आणि तेथे पोटाचा प्रश्न येतो. रायपूरच्या भाताच्या गिरणीत पोती उचलणाऱ्या एका हमालाची कल्पना करावी. कंबर दुखू लागली म्हणून तो मालीश करणाऱ्याकडे जातो. एक जण म्हणतो, “मणका सरकला आहे, आता वजन उचलू नका.” दुसरा तितकेच चोळतो, पण म्हणतो, “स्नायू आखडले आहेत, सावकाश हालचाल चालू ठेवा.” दोघांचे हात सारखेच, परंतु पहिल्याच्या एका वाक्याने हमाल रोजगार सोडून घरी बसेल, वाकण्यास भिईल, आणि न वापरल्यामुळे पाठ अधिकच दुबळी होईल. आठ देशांतील 17 अभ्यासांचा जो आढावा 2012 साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसून आले: पाठदुखीविषयी उपचारकाच्या समजुतींचा रुग्णांच्या समजुतींशी संबंध असतो, आणि भीती बाळगणारा उपचारक रुग्णाला काम व हालचाल टाळण्याचा सल्ला अधिक देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत शिक्षण व व्यायाम ह्यांच्या जोडीला मर्दनालाही स्थान आहे. कमरेच्या पट्ट्याला मात्र नाही.

हमाल निदान “दुखते” असे सांगू शकतो. तान्ह्या मुलाला ते येत नाही, पण त्याचीही एक भाषा आहे. दाब नकोसा झाला की ते तोंड फिरविते, बोटे ताणून पसरते, पाठ कमानीसारखी वाकविते. कधी त्याला उचकी लागते, कधी त्वचेचा रंग पालटतो. रडणे बहुधा ह्या सर्वांनंतर येते. ह्या खुणा ओळखणारी बाई तेथेच हात थांबविते, मुलाच्या अंगावर कापड ओढते, आणि पुन्हा तेल घेण्यापूर्वी त्याचा श्वास संथ होईपर्यंत बसून राहते.