दख्खनचा दरवाजा आणि होर्मुझची खिंड

बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर असीरगड समोर येतो. सातपुड्याच्या रांगेला इथे खिंड पडली आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायची ही सोयीची वाट, म्हणून गडाला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत. खंडवा–भुसावळ रेल्वेही याच मोकळ्या पट्ट्यातून जाते. हा दरवाजा हाती यावा म्हणून १६०० साली अकबर बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला होता.

गॅसच्या व्यापारालाही असाच एक दरवाजा आहे. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद जागी चाळीस किलोमीटरही रुंद नाही. शांततेच्या काळात जगभर जहाजांनी जाणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचा, म्हणजे एलएनजीचा, सुमारे पाचवा हिस्सा तिथून बाहेर पडतो. आखातात ठिणगी पडली की आपल्याकडे दोन टोकांची बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतं, आता सगळं बंद पडणार. कोणी म्हणतं, आपल्याला काय, आपला गॅस आपल्या समुद्रातून येतो. ही आणि अशी बाकीची बोलणीही तपासून घ्यायला हवीत.

‘मुंबई हाय आहे ना!’ आहे, आणि त्याचा अभिमानही हवा. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या जहाजाने तिथे तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं, आणि उरणच्या किनाऱ्यावर आलेल्या त्या गॅसवर वीज आणि खत दोन्ही तयार झाली. पण देशाची गरज त्याच्या कितीतरी पुढे गेली. आज आपण वापरतो त्या नैसर्गिक वायूतला जवळपास निम्मा आयात होतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या एलपीजीचं अवलंबित्व त्याहून जास्त, साधारण साठ टक्के, आणि त्या आयातीचा बहुतांश भाग आखाती देशांचा.

इथे आणखी एक गोंधळ होतो. सिलिंडरमधला गॅस आणि पाइपमधून येणारा गॅस एकच, असं बरेच जण धरून चालतात. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. थोड्या दाबाने ते द्रव होतात, म्हणून लोखंडी टाकीत भरून खेड्यापाड्यांत पोचतात. पाइपमध्ये असतो मिथेन. तो जहाजात भरायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं आकारमान सहाशे पटींनी घटतं.

‘एक वाट अडली तर जहाजं दुसरीकडून येतील.’ तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. उशीर झाला, खर्च वाढला, पण माल पोचला. त्यामुळे हा समज पक्का झाला असावा. होर्मुझला मात्र वळसा नाही. सौदी अरेबियाचं काही कच्चं तेल नळातून तांबड्या समुद्रापर्यंत जाऊ शकतं, पण आपला सर्वांत मोठा एलएनजी पुरवठादार कतार आहे आणि त्याच्या जहाजांना बाहेर पडायला हा एकच दरवाजा आहे.

‘भरपूर साठा करून ठेवला की झालं.’ असीरगडावर पाण्याच्या टाक्या होत्या, धान्याची कोठारं भरलेली होती. तरी महिनोन्महिने वेढा चालल्यावर १६०१ च्या जानेवारीत गड पडला. आत रोगराई पसरली असं काही वृत्तांत सांगतात, काही फितुरीचं कारण देतात. साठ्याने वेढा उठत नाही, दिवस मिळतात. मग आपल्याकडे दिवस किती? मंगळुरू, पाडूर आणि विशाखापट्टणमच्या जमिनीखालच्या गुहांत मिळून ५३ लाख टन मावतं, पण ते कच्चं तेल, गॅस नव्हे. एलपीजीसाठी उदाहरणार्थ विशाखापट्टणमला ६० हजार टनांची गुहा आहे. देशाला दिवसाला लागतं साधारण ८५ हजार टन. म्हणजे ती गुहा काठोकाठ भरली तरी एक दिवस निघत नाही. बाकी आधार इतर साठे, बंदरांवरच्या टाक्या, भरणा केंद्रं आणि वाटेतल्या जहाजांचा. एक दिवसही न पुरणाऱ्या त्या गुहेचा आकडा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो.

‘वीस वर्षांचा करार आहे, माल येणारच.’ ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीने रशियाच्या गाझप्रॉमशी असाच दीर्घ करार केला होता. माल द्यायची जबाबदारी गाझप्रॉमच्या ज्या उपकंपनीकडे होती, तिचा ताबा युक्रेन युद्धानंतर जर्मन सरकारकडे गेला आणि २०२२ च्या मध्यात भारताची जहाजं थांबली. भारताचं त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच वर्षी युरोपने चढ्या भावाने मिळेल तो एलएनजी उचलला. पाकिस्तान आणि बांगलादेशात तासन्‌तास वीज गेली ती त्यामुळेही.

‘युद्ध झालं तरच गॅस तुटतो.’ दाभोळ आठवा. एन्रॉनचा तो वीज प्रकल्प आयात गॅसच्या भरवशावर आखला, १९९९ मध्ये सुरू झाला तो नाफ्थ्यावर, आणि २००१ मध्ये वीजदराच्या वादात बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन करून त्याला पुन्हा उभं करावं लागलं. एलएनजीचं टर्मिनल चालू व्हायला २०१३ उजाडलं. लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्याने पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोकणातल्या या प्रकल्पाला शत्रूने हात लावला नव्हता. भाव, करार आणि अर्धवट बांधकाम यांनीच त्याचा गळा आवळला.

‘गॅस थांबला की दिवे जाणार.’ भारतात गॅसवर तयार होणारी वीज अवघी दोन-तीन टक्के आहे. असीरगडाच्या शेजारचाच खंडवा जिल्हा पाहा: सिंगाजीचं २,५२० मेगावॅटचं वीज केंद्र कोळशावर चालतं, इंदिरासागरचं १,००० मेगावॅटचं केंद्र नर्मदेच्या पाण्यावर. म्हणून घरात सिलिंडरच्या जोडीला विजेची शेगडी ठेवणं हा शहाणपणाचा उपाय आहे. इंदूरला ओल्या कचऱ्यापासून रोज १७ टन बायोसीएनजी करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. ८५ हजार टनांपुढे तो थेंबभरच, पण त्या थेंबाला होर्मुझ ओलांडावं लागत नाही.

खरा धोका चुलीपेक्षा शेतात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. युरिया मिथेनपासून होतो: मिथेनमधून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. अलिबागजवळच्या थळचा कारखाना असो की गुना जिल्ह्यातल्या विजयपूरचा, गॅस हाच त्यांचा कच्चा माल. खत कारखाने हे देशातल्या गॅसच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी आहेत आणि त्यांच्या वाट्यात आयात एलएनजीचा भाग मोठा आहे. बुऱ्हाणपूरची केळी युरियाशिवाय पोसत नाही, पलीकडे रावेर-यावलचीही नाही. ४५ किलोच्या गोणीचा भाव सरकारने बांधलेला असल्याने आखातातला भडका शेतकऱ्याला दरात दिसत नाही. तो दुकानापुढच्या रांगेत दिसतो, तोही काही आठवडे उशिरा. म्हणून होर्मुझची बातमी आली की केळीवाल्याने सिलिंडरचा नंबर लावण्याआधी सोसायटीत युरियाच्या किती गोण्या उरल्यात ते विचारावं.