गुडघा अख्खा बदलायचा की अर्धा? (एपिसोडचा लेखी मजकूर)

आजचा विषय आपल्या वयाचा नाही, आपल्या आईवडिलांच्या वयाचा आहे. पण एक्स-रेचा फोटो येतो आपल्या व्हॉट्सॲपवर, आणि "आता काय करायचं रे?" हेही आपल्यालाच विचारतात. म्हणून हा एपिसोड.

मी मिरजगावचा. कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव. नोकरी पुण्यात, कोड लिहायची. आई एकसष्ट वर्षांची. तिचं आयुष्य ज्वारीच्या रानात खुरपणी-काढणीत, म्हणजे उकिडवं बसण्यात गेलं. दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा दुखतोय. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, इंजेक्शन झालं. मग एका ठिकाणी तिला झोपवून एक्स-रे काढला आणि दहा मिनिटांत सांगितलं, "दोन्ही गुडघे बदला." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "दोन्ही कशाला? डावा तर कधी दुखलाच नाही."

त्या रात्री मी वाचत बसलो आणि अर्धवट गुडघेबदल, म्हणजे पार्शल नी रिप्लेसमेंट, सापडलं. माझ्यातला इंजिनिअर खूश! बिघडलं तेवढं मॉड्यूल बदला, बाकी सिस्टीमला हात लावू नका. मी घरी ठरवूनच टाकलं. तिथंच माझं चुकलं.

आधी गुडघा समजून घेऊ. त्याचे तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीच्या मागचा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजलं की हाडावर हाड घासतं. पूर्ण गुडघेबदलात सांध्याचे घासणारे पृष्ठभाग बदलतात. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी २००० साली त्यांचा डावा आणि २००१ साली उजवा गुडघा बदलला. तेव्हापासून हे ऑपरेशन आपल्याकडे घराघरात माहीत झालं. अर्धवट बदलात एकाच कप्प्यात धातू आणि प्लास्टिक बसवतात, बहुतेक वेळा आतल्या.

मग हे कुणाला चालतं?

एक, झीज एकाच कप्प्यात हवी, आणि तिथं ती पूर्ण हवी. अर्धवट झिजलेल्या गुडघ्यात हे ऑपरेशन केलं तर दुखणं राहण्याची शक्यता जास्त.
दोन, गुडघ्याच्या मधलं एसीएल लिगामेंट शाबूत हवं.
तीन, पाय धनुकलीसारखा वाकला असेल, तर डॉक्टरांनी हातानं दाब दिल्यावर तो सरळ व्हायला हवा.
चार, संधिवाताचा, म्हणजे रुमॅटॉइडचा आजार नको. तो अख्ख्या सांध्याला धरतो.

वय आणि वजनाचं काय? १९८९ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी साठीच्या पुढचं वय आणि ८२ किलोच्या आत वजन, असे निकष मांडले होते. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की फक्त वय किंवा वजनावरून कुणाला नाकारायची गरज नाही.

आता फायदा-तोटा. अर्धवट बदलात जखम लहान, रक्त कमी जातं, माणूस लवकर चालतो आणि गुडघा जास्त नैसर्गिक वाटतो. तोटा म्हणजे उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात. मोठ्या नोंदींमध्ये पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण अर्धवटमध्ये जास्त दिसतं. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर 'टॉपकॅट' नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ साली आले. पाच वर्षांनी दुखणं आणि हालचाल दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. म्हणजे माणूस योग्य निवडला तर दोन्ही ऑपरेशनं चांगली.

तर आमचं काय झालं? दुसऱ्या डॉक्टरांनी आईला उभं करून एक्स-रे काढले, मग गुडघ्याला बाजूनं दाब देऊनही काढले. उजव्या गुडघ्यात बाहेरचा कप्पाही झिजलेला निघाला, लिगामेंटही ढिलं. अर्धवट बदल बसणारच नव्हता. डाव्याला मात्र आत्ता हात लावायची गरज नाही, मांडीचे व्यायाम पुरे. म्हणजे पहिला सल्ला अर्धा चुकला होता आणि माझा हट्ट पूर्ण.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न फोनमध्ये लिहून न्या. एक्स-रे उभं राहून काढलाय का? झीज कोणत्या कप्प्यात? लिगामेंट कसं आहे? तुम्ही दोन्ही प्रकारची ऑपरेशनं नेहमी करता का? ऑपरेशन पुढे ढकललं तर काय होईल? खर्चाचंही विचारा. २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे बिलात इम्प्लांट वेगळा दाखवायला सांगा. योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

आईनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "रानात जाता येईल का?" ते म्हणाले, "चाला, जिने चढा. पण उकिडवं बसून खुरपणी नको." ती गाडीत गप्पच होती. घरी अण्णा म्हणाले, "खुरपायला बाया लावू." तर म्हणते, "आन् मी काय बांधावर बसून बघू?"

"हो," अण्णा म्हणाले, "खुर्चीवर बसून बघ."

दिवाळीनंतरची तारीख घेतलीय. तुमच्या घरी असा निर्णय अडकला असेल, तर हा एपिसोड आईवडिलांच्या शेजारी बसून ऐका. भेटू पुढच्या वेळी!