आधी फेरफार, मग सातबारा

31 मार्चची रात्र. जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत (नाव कशाला घ्यायचं!) ठेवींवरचं व्याज खात्यांत जमा करायचं काम सुरू होतं. खाती साधारण चाळीस हजार. नऊला बटण दाबलं, दहा वाजले तरी स्क्रीनवरचा आकडा रखडत रखडत पुढे सरकत होता. कर्मचारी घरी जाऊ शकत नव्हते, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. आणि सव्वादहाला लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? जरा बघा की. यादीत व्याज जमा झालेलं दिसतंय अन् खात्यात नाही."

छापून ठेवलेल्या यादीत 'झाले' अशी नोंद असलेली काही खाती डेटाबेसमध्ये कोरीच होती. सर्व्हर तसा नवा होता. प्रोसेसर चांगला, रॅम 32 जीबी, आणि एक टीबीच्या चार हार्ड डिस्क. दुकानदाराने अभिमानाने कोटेशनवर लिहिलं होतं: 'रेड 5, एकूण 3 टीबी'. संस्थेचा सगळा डेटा भरत होता जेमतेम 20 जीबी! गाडी घेताना डिकी केवढी आहे एवढंच विचारावं आणि इंजिनाबद्दल अवाक्षर काढू नये, तसा प्रकार.

तुमच्यापैकी जे कॉम्प्युटर शाखेत आहेत, बीसीए-बीसीएस करताहेत, त्यांना गावाकडचं कुणी ना कुणी एक दिवस विचारणारच आहे, "दूध डेअरीला कुठला सर्व्हर घेऊ?" त्या दिवसासाठी हा लेख.

हार्ड डिस्क म्हणजे तहसीलची जुनी रेकॉर्ड रूम समजा. कपाटं भरपूर, गठ्ठे भरपूर, पण कागद काढून आणणारा शिपाई एकच. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद चाळले गेले, तेव्हा कुणबी नोंदींचा शोध किती चिवट असतो ते सगळ्यांनी पाहिलं. एक गठ्ठा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं सोपं. पण या गठ्ठ्यातलं एक पान, मग त्या कपाटातलं एक पान, असं सुरू झालं की वेळ वाचण्यात जात नाही, चालण्यात जातो.

डिस्कच्या आत हेच घडतं. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंद. त्याआधी ते डोकं योग्य पट्टीवर सरकायला आणखी 8-9. मिळून झाले 12-13 मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला फार तर 80 खेपा. डिस्क एक टीबीची असो की दहा टीबीची, शिपायाचे पाय तेवढेच. म्हणून डेटाबेससाठी डिस्क निवडताना पहिला प्रश्न 'किती मावतं' हा नसतो, 'सेकंदाला किती खेपा होतात' हा असतो. या खेपांना आयओपीएस म्हणतात.

आता तो रेड. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडलेली कल्पना: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा. (त्या नावातला 'आय' मुळात 'स्वस्त' या अर्थाचाच. कंपन्यांनी पुढे त्याचा अर्थ बदलून घेतला, ते साहजिकच!) रेड 5 मध्ये तीन डिस्कइतका डेटा आणि एका डिस्कइतकी 'पॅरिटी' असते, म्हणजे एक डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून हिशेब करून तिचा डेटा परत काढता येतो. जागा कमी वाया जाते, म्हणून दुकानदाराला आवडतो.

पण लिहिताना काय होतं बघा. एक छोटी नोंद बदलायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाला चार खेपा. चार डिस्कच्या मिळून 320 खेपा, भागिले चार, उरले 80. चार शिपाई नेमले आणि काम एकाचंच झालं! याच चार डिस्क रेड 10 मध्ये, म्हणजे जोड्या-जोड्यांनी लावल्या असत्या, तर प्रत्येक नोंदीला दोनच खेपा. लिहायचा वेग दुप्पट, सेकंदाला 160. जागा 3 टीबीऐवजी 2 टीबी मिळाली असती, पण 20 जीबीवाल्याला त्याचं काय दुःख?

पतसंस्थेचं गणित यात बसत होतं. एका खात्याचं व्याज म्हणजे खातं, व्यवहाराची नोंद, खतावणी, इंडेक्स आणि लॉग मिळून दहाएक छोटी लिखाणं धरा. सेकंदाला 80 म्हणजे आठ खाती. चाळीस हजार खात्यांना जवळपास दीड तास.

वेगाचं कोडं सुटलं, पण हरवलेल्या नोंदींचं काय? इथे आपल्या महसूल खात्याची पद्धत आठवा. शेत विकलं, वाटणी झाली, वारस लागले, तर तलाठी थेट सातबारा खोडून नवं नाव लिहीत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. एकाखाली एक, ओळीने, क्रमांक टाकून. मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर अंमल होतो. घरी सातबारा काढून बघा, त्यावर फेरफार क्रमांक असतोच. वाद झाला की माणसं तो क्रमांक धरूनच मागे मागे जातात.

डेटाबेस नेमकं हेच करतो. त्याला राइट-अहेड लॉग म्हणतात. बदल आधी लॉगमध्ये ओळीने लिहायचा, तो डिस्कवर पक्का उतरला की 'कमिट झालं' म्हणायचं आणि मूळ तक्त्यात सवडीने अंमल द्यायचा. मध्येच लाइट गेली तरी सुरू होताना लॉग वाचून राहिलेला अंमल पूर्ण होतो. परीक्षेत 'एसीआयडी प्रॉपर्टीज' घोकतो ना आपण, त्यातला 'डी' तो हा.

फेरफार वही ओळीने भरते आणि सातबारे गटागटांत विखुरलेले असतात. एकाच शिपायाला दोन्ही कामं दिली तर तो वहीपाशी बसतच नाही, सारखा कपाटांकडे पळतो. म्हणून हार्ड डिस्कच्या जमान्यात लॉगला स्वतंत्र डिस्क द्यायचा नियम होता आणि तो अजूनही खरा आहे. एसएसडीत फिरणारं काही नसतं. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो खेपा सहज करते आणि एनव्हीएमई तर लाखांत खेळते. तिथे छोट्या संस्थेला लॉग वेगळा काढायची फारशी गरज उरत नाही.

खोट होती ती 'पक्का उतरला' या शब्दांत. बऱ्याच डिस्क आणि रेड कार्ड डेटा स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत घेतात आणि लगेच सांगतात, "लिहिलं!" म्हणजे वहीत नोंद न करताच पोच द्यायची. त्या मेमरीला बॅटरी नसेल तर लाइट गेली की सगळं गेलं. या पतसंस्थेच्या कार्डाला बॅटरी नव्हती. आपल्याकडे लाइटचा भरवसा किती, ते मी सांगायला नको.

हे तपासता येतं. पोस्टग्रेसबरोबर 'पीजी टेस्ट एफसिंक' नावाचं छोटं साधन येतं. सेकंदाला 120 वेळा फिरणारी साधी डिस्क तिथे काही हजार पक्क्या नोंदी दाखवत असेल तर खूश होऊ नका. एवढ्या फेऱ्या ती मारूच शकत नाही. ती खोटं बोलतेय! लिनक्सवर 'आयओस्टॅट' चालवलं तर प्रत्येक खेपेला किती वेळ लागतोय तेही दिसतं. प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्के व्यस्त असेल तर रॅमवर आणखी पैसे घालण्याआधी डिस्ककडे बघा.

आम्ही आधी एक पैसाही खर्च न होणारं काम केलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सांगून दर खात्याला होणारा कमिट पाचशे खात्यांमागे एक असा केला. तलाठी प्रत्येक ओळीनंतर वही बंद करून कपाटात ठेवत नाही, त्यातलाच प्रकार. मग पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या दोन एसएसडी आरशासारख्या, म्हणजे रेड 1 मध्ये लावल्या. अशा एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती ताकद त्यांच्यात उरते. लॅपटॉपसाठीच्या स्वस्त एसएसडीत सहसा ते नसतात, किंमत बघून भुलू नका. यूपीएसला नवी बॅटरी टाकली, ती वेगळीच.

जुन्या डिस्क फेकल्या नाहीत, त्या बॅकअपला ठेवल्या. इथे मॅनेजरसाहेबांशी थोडा वाद झाला. "आता डेटा दोन डिस्कवर आहेच की, बॅकअप कशाला?" कुणी चुकून एक तक्ता पुसला तर आरशातलाही त्याच क्षणी पुसला जातो, हे त्यांना पटलं. मग ते बॅकअपच्या डिस्क सर्व्हरशेजारच्या कपाटात ठेवायला निघाले. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट लोहारा-उमरगा भागाने पाहिली आहे. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याने पुराचं पाणी पाहिलं. एका खोलीत ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी एकच प्रत असतात. साहेब पूर्वीच्या उमरगा तालुक्यातलेच. सास्तूरचं नाव काढलं तसे गप्प झाले आणि दर शनिवारी एक डिस्क दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवायचं ठरलं.

हरवलेल्या नोंदी त्या छापील यादीवरून दोन दिवस हाताने भरल्या. पुढच्या 31 मार्चला व्याजाचं काम चहा येईपर्यंत उरकलं. साहेबांनी तरी यादी छापून घेतलीच.